पांढरीची माती आणि गोदामातली खापरं

दहावीची परीक्षा संपली की शेतकऱ्याच्या घरात रिकामा बसलेला पोरगा कोणालाच बघवत नाही. मलाही दुसऱ्याच दिवशी ट्रॉलीवर धाडलं. गोमाईच्या काठचं एक टेकाड होतं, तिथून पांढरीची माती भरायची आणि आमच्या वावरात नेऊन टाकायची. दिवसाला चार खेपा.

नव्या पोरांसाठी सांगतो. आपल्याकडे गावाचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. एखादी वस्ती उठून गेली, घरं पडली, भिंतींची माती, चुलीची राख, शेण, हाडं, कचरा असं सगळं शेकडो वर्षं एकावर एक दबत गेलं की त्याचं पांढुरकं टेकाड होतं. ही माती खतासारखी लागते. धाब्याच्या घरावर टाकायलाही जुने लोक हीच न्यायचे. त्यामुळे खानदेशात तुम्ही कुठंही जा, नदीकाठच्या पांढरीला एका बाजूने कुदळीचा घाव बसलेला दिसेलच. आता तर जेसीबीचा.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझ्या कुदळीखाली काहीतरी फुटल्याचा आवाज आला. माती बाजूला केली तर दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. एक माझ्या घावाने फुटलंच होतं. दुसऱ्यात माती भरलेली आणि त्या मातीत बारीक बारीक हाडं. सोबतचा गडी म्हणाला, कोंबडीची असतील. मीही तेच धरलं. मडकी, हाडं, माती सगळं फावड्याने ट्रॉलीत गेलं. त्या वर्षी कापूस चांगला आला, एवढं आठवतं.

त्या मडक्याचा एक तुकडा मी खिशात घालून घरी आणला होता. लाल, वर काळ्या रेघा. आजी ओरडली, "काय रे पोऱ्या, घरमा खापरा कसाले लयना?" पण तुकडा राहिला. तो आजही माझ्या टीव्हीच्या फळीवर आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी नेवासा, इनामगाव, दायमाबाद इथल्या उत्खननांबद्दल वाचलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे जोर्वे संस्कृतीचे लोक लहान मूल गेलं तर त्याला दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून, घराच्या जमिनीखालीच पुरायचे. घरातलं लेकरू घरातच राहावं म्हणून असेल. त्या पानावर मी किती वेळ थांबलो होतो ते सांगत नाही.

आता कोणी विचारेल, ते खरंच तसलंच दफन होतं का? होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुठल्या थरात होतं, किती खोल होतं, शेजारी काय होतं, हाडं कोणाची होती, यातलं काहीच नोंदलं गेलं नाही. पुरावा माझ्याच हाताने वावरात पसरला. माझ्याकडे उरली एक गोष्ट आणि एक बिनपत्त्याचं खापर.

आजची पोस्ट त्या खापराबद्दल आहे. खरं तर त्याच्यासारख्या लाखो खापरांबद्दल, ती कुठे ठेवतात, का ठेवतात आणि आपल्या जिल्ह्याचा त्याच्याशी काय संबंध, याबद्दल. थोडी लांबलीय, पण वाचा.

*

प्रकाशा आपल्या सर्वांना माहीत आहे. दक्षिण काशी, केदारेश्वर, तापी-गोमाई-पुलंदाचा संगम, बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ. पण याच प्रकाशाचं नाव देशभरातल्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत वेगळ्या कारणाने आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

१९५४-५५ च्या हंगामात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे बी. के. थापर प्रकाशाला आले आणि त्यांनी संगमाजवळच्या टेकाडात उत्खनन केलं. तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो आणि जिल्हा होता पश्चिम खानदेश. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, म्हणजे त्याला अजून ४३ वर्षं अवकाश होता. थापर साधे गृहस्थ नव्हते. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४४ मध्ये तक्षशिलेला तरुणांना शास्त्रशुद्ध उत्खनन शिकवण्यासाठी जे शिबिर घेतलं, त्यात ते तयार झालेले. पुढे कालीबंगनच्या उत्खननात ते होते आणि नंतर खात्याचे महासंचालकही झाले.

प्रकाशाला त्यांना एकावर एक चार कालखंड सापडले. सगळ्यांत खालचा ताम्रपाषाणयुगाचा. थापरांनी त्याचा काळ धरला इसवी सनपूर्व १७०० ते १३०० च्या आसपास. लोखंड नाही, तांबं थोडंसं, दगडाची बारीक पाती, मणी आणि रंगवलेली भांडी. त्यानंतर मध्ये खंड. मग लोखंड वापरणाऱ्यांची वस्ती, मग सातवाहनांच्या आसपासचा आणि नंतरचा काळ, आणि शेवटी थेट अकराव्या शतकापर्यंतचा थर. एका टेकाडात जवळपास पावणेतीन हजार वर्षं.

पण प्रकाशाचं खरं महत्त्व त्या सगळ्यांत खालच्या थरातल्या खापरांत आहे. तिथे माळव्याकडची भांडी सापडली. त्याच कालखंडाच्या वरच्या भागात जोर्वे पद्धतीची भांडी आली. जोर्वे म्हणजे संगमनेरजवळचं गाव, १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी तिथं उत्खनन केलं, म्हणून त्या संस्कृतीला ते नाव. आणि त्यांच्या सोबतीला गुजरातेत रंगपूरला सापडते तशी चकचकीत लाल भांडी. म्हणजे उत्तरेचा माळवा, दक्षिणेचं गोदावरी-प्रवराखोरं आणि पश्चिमेचा गुजरात, तिघांची भांडी तापीकाठच्या या एका गावात. आजही प्रकाशाच्या चौकात उभं राहिलं तर एका बाजूने गुजरातची एसटी येते आणि दुसऱ्या बाजूने मध्य प्रदेशची. गाव रस्त्यावर आहे, तेव्हाही होतं. सतराव्या शतकात सुरत ते बऱ्हाणपूर हा मोठा व्यापारी मार्ग नंदुरबारवरून जायचा, टॅव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या त्याच वाटेने गेला. आपण या मार्गाला मोगलाई एवढा जुना समजतो. खापरं सांगतात की बाबांनो, तीन हजार वर्षं आणखी मागे जा.

हे कळलं कशावरून? सोन्याच्या हंड्यावरून नाही. फुटक्या, हाताएवढ्या, बोटाएवढ्या तुकड्यांवरून. कारण प्रत्येक तुकडा कुठल्या खड्ड्यातल्या कुठल्या थरातून आला, हे नोंदलेलं होतं.

*

उत्खननावर खापरांचं काय होतं ते सांगतो. खड्ड्यातून निघालेला प्रत्येक थराचा माल वेगळ्या टोपलीत जातो. धुतला जातो, वाळवला जातो. शेजारी जमिनीवर चौकोन आखलेले असतात, त्या त्या थराचे तुकडे त्या त्या चौकोनात पसरतात. मग महत्त्वाच्या तुकड्यांवर बारीक अक्षरात शाईने लिहितात: गावाचं संक्षिप्त नाव, साल, खड्डा, थर. हे लिहिलेलं पुसलं गेलं की तो तुकडा आणि माझ्या टीव्हीवरचा तुकडा सारखेच.

मग निवडलेल्या तुकड्यांची रेखाचित्रं निघतात, अहवाल होतो. प्रकाशाचा अहवाल 'एन्शंट इंडिया' या खात्याच्या पत्रिकेच्या २०-२१ या जोडअंकात, उत्खननानंतर दहा-बारा वर्षांनी आला. आणि वस्तू? त्या पेट्यांत बंद होऊन गोदामात जातात. कारण सरळ आहे. एका उत्खननातून हजारोंनी तुकडे निघतात, संग्रहालयाच्या काचेत मावतात पाच-पन्नास. आणि उत्खनन ज्या संस्थेचं, माल तिच्या ताब्यात. सर्वेक्षण खात्याने देशभर खणलेल्या मालासाठी दिल्लीला पुराना किल्ल्यात केंद्रीय पुरावस्तू संग्रह आहे, त्याची सुरुवात १९१० ची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने खणलेल्या जागांचा माल पुण्याला. आपल्या शेजारच्या साक्री तालुक्यातलं कावठे त्यांनीच १९८० च्या दशकात खणलं. तिथं सावळदा संस्कृतीची वस्ती निघाली, प्रकाशाच्या खालच्या थराहूनही जुनी. आणि हे सावळदा म्हणजे आपल्याच तापीकाठचं गाव. आख्ख्या संस्कृतीला गावाचं नाव मिळालंय आणि शेजारच्या गावाला त्याचा पत्ता नाही!

मी प्रकाशाची खापरं अहवालातल्या रेखाचित्रांत पाहिली आहेत. प्रत्यक्ष एकही नाही.

*

"फुटकी भांडी सत्तर वर्षं सांभाळून काय करायची?" असं मला एका मित्राने विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून दोन उदाहरणं देतो.

राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल इथं डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९९० च्या दशकात उत्खनन केलं. त्यात काही सांगाडे मिळाले. ते नीट नोंदवून ठेवले गेले. २००९ मध्ये एका अभ्यासगटाने त्यातला सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा एक सांगाडा पुन्हा तपासला, तर त्या माणसाला कुष्ठरोग झाला होता असं दिसलं. हाडांवरच्या खुणांवरून कळलेला कुष्ठरोगाचा तो जगातल्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक. सांगाडा तोच होता, प्रश्न नंतर आला. मधल्या काळात कोणी "ही हाडं किती दिवस ठेवायची" म्हणून फेकली असती तर?

दुसरं उदाहरण खापरांचंच. मातीच्या भांड्यात शिजवलेल्याचं तूप-तेल-चरबी भांड्याच्या अंगात मुरते आणि हजारो वर्षं राहते. हरियाणा आणि उत्तर प्रदेशातल्या सिंधू संस्कृतीच्या खापरांवर अशी तपासणी झाली, २०२०-२१ च्या सुमारास तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या भांड्यांत जनावरांच्या मांसाची चरबी आणि काही ठिकाणी दुधाचे अंश सापडले. थापर प्रकाशाला खणत होते तेव्हा असं काही करता येईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. प्रकाशाच्या मडक्यात काय शिजत होतं, हे उद्या कोणी विचारलं तर उत्तर त्या पेट्यांतच आहे. पेटी कोरडी असेल आणि तिच्यावरचा कागद उंदराने खाल्ला नसेल तर.

आता याच्या उलट उदाहरण. १९७४ साली श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला छबू लक्ष्मण भिल्ल नावाच्या माणसाला जमीन खणताना काशाच्या चार मूर्ती सापडल्या. बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. चौघांचं वजन मिळून ६० किलोंच्या वर. महाराष्ट्राच्या मातीत सापडलेल्या सर्वांत देखण्या वस्तूंत त्यांची गणना होते. पण त्या उत्खननात, थरात नोंद होऊन निघाल्या नाहीत. म्हणून काय झालं? त्या किती जुन्या यावर पंडितांचे वाद झाले. कोणी उत्तर हडप्पा काळातल्या म्हणालं, कोणी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका काढली. त्याच दायमाबादला त्यानंतर साळी यांनी १९७५ ते १९७९ मध्ये उत्खनन केलं, आणि सावळद्यापासून जोर्वेपर्यंत कोण कोणाच्या आधी हा क्रम लावला, तो साध्या खापरांच्या आधारे. देखण्या मूर्ती वादात अडकल्या आणि पत्ता असलेली खापरं साक्ष देऊन मोकळी झाली.

छबू भिल्ल यांचा यात काही दोष नाही. उलट त्यांच्यामुळे मूर्ती मिळाल्या. दोष माझ्यासारख्याचा, ज्याने शाळेत इतिहास शिकूनही हाडं ट्रॉलीत टाकली.

*

ही अडचण फक्त आपली नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे सुमारे ८० लाख वस्तू आहेत, त्यातल्या एका वेळी लोकांना दिसतात साधारण ८० हजार. म्हणजे शंभरात एक. बाकी सगळं गोदामात. अलीकडे त्यांनी लंडनबाहेर रेडिंग शहराजवळ, तिथल्या विद्यापीठाच्या सोबतीने, फक्त पुरातत्त्वीय संग्रहासाठी नवी इमारत बांधली. तिथं वस्तू ठेवायच्या आणि तिथंच अभ्यासाला बसायचं. आधी वेळ घ्यायची, काय बघायचं ते सांगायचं, ती वस्तू तुमच्यापुढे टेबलावर येते. लंडनच्याच दुसऱ्या एका मोठ्या संग्रहालयाने, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने, २०२५ मध्ये आपलं गोदामच लोकांना उघडं केलं. तिथं अभ्यासकच पाहिजे असंही नाही, कोणीही माणूस आधी नोंद करून वस्तू मागवू शकतो.

त्यांचं सगळं छान आहे असं समजू नका. २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमनेच कबूल केलं की गोदामातल्या सुमारे दोन हजार वस्तू चोरीला गेल्या, हरवल्या किंवा खराब झाल्या. बऱ्याच वस्तूंची धड नोंदच नव्हती, त्यामुळे गेल्या तरी वर्षानुवर्षं कळलं नाही. (दुसऱ्यांच्या देशांतून आणलेल्या वस्तू त्यांच्याकडे का आहेत, हा वेगळा आणि मोठा विषय. तो पुन्हा कधीतरी.) आणि आपल्याकडे २०१३ च्या कॅगच्या अहवालात तर संरक्षित यादीतली ९२ स्मारकं जागेवर सापडली नाहीत असं नमूद झालं होतं. स्मारकं! मग पेटीतल्या खापराची काय कथा.

हे सगळं वाचल्यावर माझं एक जुनं मत बदललं, ते प्रामाणिकपणे सांगतो. पूर्वी मी म्हणायचो, आमच्या मातीतला माल दिल्ली-पुण्याला का? आमचं आम्हाला परत द्या. टाळ्या मिळवायला हे वाक्य चांगलं आहे. पण विचार करा. उद्या ट्रक भरून पेट्या आल्या तर ठेवणार कुठे? पंचायत समितीच्या गळक्या खोलीत? आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो, मग पावसाळ्यात भिंतींना पाझर. तांब्याच्या वस्तूला दमट हवा लागली की हिरवी भुकटी सुटते आणि ती वस्तू खात जाते. लोखंडाचं तर विचारूच नका. शिवाय मोठ्या ठिकाणी एक फायदा असतो, प्रकाशाचं खापर, नेवाशाचं खापर, रंगपूरचं खापर शेजारी शेजारी ठेवून ताडून बघता येतं.

तेव्हा माल लांब असणं ही माझी तक्रार उरलेली नाही. रेडिंगही लंडनपासून लांबच आहे. माझी तक्रार आहे की आपल्यासाठी तो बंद आहे. काय आहे, किती आहे, कसं दिसतं हे शहाद्याच्या कॉलेजात इतिहास शिकणाऱ्या मुलीला घरबसल्या कळत नाही. तिने मागितलं तर बघायला कसं मिळेल याची साधी, सरळ वाट तिला कोणी सांगत नाही. लांबचं गोदाम चालेल, पण त्याला खिडकी पाहिजे.

आणि ही कल्पना परदेशी आहे असंही नाही. जिथे सापडलं तिथेच, त्या परिसरात वस्तू लोकांना बघता याव्यात, हे धोरण जॉन मार्शल यांच्या काळापासून आपल्याच सर्वेक्षण खात्याचं आहे. सारनाथचं संग्रहालय त्यातूनच उभं राहिलं, १९१० मध्ये. प्रकाशाचं उत्खनन चालू होतं त्याच सुमारास आंध्रात नागार्जुनकोंडा धरणाखाली जाणार म्हणून तिथं मोठं काम सुरू होतं. खोरं बुडालं, पण मधल्या टेकडीचं बेट झालं आणि त्या बेटावर वस्तू ठेवल्या गेल्या. आजही लोक होडीने जाऊन बघतात. आपल्याकडे उकाई झालं १९७२ ला, पुढे सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा-धडगावकडच्या ३३ गावांना गिळलं. तिथल्या माणसांचंच नीट पुनर्वसन व्हायला पिढ्या गेल्या, टेकाडांचं कोण विचारतो?

*

आता सगळ्यांत अवघड प्रश्न. मी हा विषय काढला की कोणीतरी म्हणतंच, "ज्या जिल्ह्यात कुपोषण आहे, सिकलसेल आहे, पावसाळ्यात रुग्णाला झोळीतून न्यावं लागतं, तिथं तुम्हाला खापरांचं पडलंय?"

त्याला माझं उत्तर असं. अंगणवाडीचा एक रुपयाही इकडे वळवू नका. करोडोंचं संग्रहालय, वर घुमट, समोर कारंजं, उद्घाटनाची कोनशिला, हे मी मागतच नाही. ते झालंच तर पाच वर्षांत तिथं कुलूप दिसेल. मी मागतोय एक कोरडी खोली, लोखंडी मांडण्या, झाकणाचे डबे, एक नोंदवही आणि एक शिकलेला माणूस.

आणि दुसरं. आपला जिल्हा बहुसंख्य आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा. यांच्या पूर्वजांनी दप्तरं लिहून ठेवली नाहीत, ताम्रपट कोरले नाहीत. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांत ते आले तर बंडखोर म्हणून, लुटारू म्हणून किंवा जंगलातली माणसं म्हणून. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांचा जुना इतिहास चुलीत, मण्यात, पात्यात आणि दफनातच शोधावा लागणार. प्रकाशाची माणसं कोणाचे पूर्वज होती, हे मडक्यावर लिहिलेलं नसतं. तिथं आजच्या कोणत्याही जातीची पाटी लावणं चूकच. पण शोधायची वेळ येईल तेव्हा पुरावा तरी शिल्लक असावा.

धुळ्याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले. आयुष्यभर गावोगाव हिंडून, उपाशी राहून माणसाने कागद जमवले. त्यांच्या मागे धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं आणि ती दप्तरं जपली. कुठल्या मोठ्या शहराने नाही, आपल्या खानदेशातल्या गावाने. कागदांसाठी जे शंभर वर्षांपूर्वी जमलं, ते खापरांसाठी आज का जमू नये?

*

शेवटी मूळ मुद्द्यावर येतो. थापरांनी खणले ते टेकाडातले मोजके खड्डे. खणणारे नेहमी तेवढंच खणतात, बाकीचं पुढच्यांसाठी ठेवतात, कारण पुढच्यांकडे चांगली साधनं असतील. म्हणजे खरं मोठं गोदाम दिल्लीत नाही की पुण्यात नाही. ते तापी-गोमाईच्या काठावर उघड्यावर आहे. तीन हजार वर्षं त्याने माल नीट सांभाळला, थरावर थर. आणि ते आपण रिकामं करतोय, ट्रॉलीने. वीटभट्टीला, रस्त्याच्या भरावाला, वावराला. दिल्लीच्या पेट्या कदाचित कधीतरी उघडतील. इथून गेलेली माती परत येत नाही.

म्हणून माझ्या मागण्या, आणि त्यातल्या काही तुमच्या-माझ्याकडेच आहेत.

एक. प्रकाशाच्या उत्खननातल्या वस्तूंची छायाचित्रांसह यादी खात्याने लोकांना उघडी करावी. मराठीत.

दोन. त्यातले निवडक तुकडे, चाळीस-पन्नास का होईनात, ठरावीक मुदतीसाठी जिल्ह्यात दाखवायला द्यावेत. सिंहस्थाला लाखो माणसं येतात, त्यांना संगमावर आणखी एक तीर्थ दिसेल.

तीन. जिल्ह्यात वर सांगितली तशी एक खोली. नांगराला, विहिरीच्या खोदाईला, रस्त्याच्या कामात जे निघतं ते आणून द्यायची जागा. आज एखाद्या शेतकऱ्याला मूर्ती सापडली तर तो घाबरतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. शेतकऱ्याला एवढंच कळतं की पोलीस येतील. मग तो वस्तू परत पुरतो, विकतो नाहीतर शेंदूर लावून पारावर ठेवतो. त्याचा सन्मान करणारी जागा पाहिजे.

चार, आणि हे आपल्या हातात आहे. ज्या गावात पांढरीचं टेकाड आहे तिथल्या ग्रामसभेने ठराव करावा की इथली माती उचलायची नाही. ठरावाला पैसे लागत नाहीत.

आणि हो, काही सापडलं तर हलवू नका, धुऊ नका. आहे तिथे फोटो काढा, शेजारी एखादी वस्तू ठेवा म्हणजे आकार कळेल, गट नंबर आणि तारीख लिहून ठेवा, तहसील कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. पोच विसरू नका.

माझ्या टीव्हीवरच्या खापराखाली मी परवा एक कागद चिकटवला. त्यावर लिहिलं, कोणत्या टेकाडावरून, साधारण कोणत्या साली, कोणी आणलं. थर माहीत नव्हता, ती जागा कोरी सोडली. मग त्याच रविवारी मोटारसायकल काढून त्या टेकाडावर जाऊन आलो. अर्धं गेलंय. अर्धं अजून आहे.

तुमच्या शिवारात असं टेकाड असेल तर गावाचं नाव आणि गट नंबर मला कळवा. यादी करायला घेतली आहे.